पाणी कुठवर आलं होतं?

सप्टेंबर १९६९. तुम्ही नाशिकच्या सराफ बाजारात, सरकारवाड्यासमोर उभे आहात. पावसाची झड लागून राहिली आहे. छत्री केव्हाच उलटी झाली, चपला हातात आल्या. खाली नदीच्या बाजूला माणसांची साखळी लागली आहे. दागिन्यांच्या पेट्या, तराजू, लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, मुनीमजींचं बैठं मेज, सगळं हातोहात माडीवर चढतंय. कुणीतरी ओरडतं, "मारुती बुडाला!" आणि साखळीचा वेग एकदम वाढतो.

घाटावरचा दुतोंड्या मारुती. दोन बाजूंना दोन तोंडं असलेली ती उंच मूर्ती भर पात्रालगत उभी आहे, आणि नाशिककर पूर मोजतात तो तिच्या अंगावर. पायाला पाणी लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं, डोक्यावरून गेलं. गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) न जातासुद्धा घरात बसलेल्या माणसाला कळतं की आता काय करायचं. कमरेचं पाणी म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचलून झालेल्या असल्या पाहिजेत. डोक्यावरून गेलं की पुढची पाळी भांडी बाजाराची, मग सराफ बाजाराची. फूट नाही, मीटर नाही, तरी मोजमाप आहे आणि प्रत्येक मापाला एक काम जोडलेलं आहे. आजवर मला यापेक्षा साधी पूरसूचना यंत्रणा दिसलेली नाही.

तुमच्या शेजारी एक दुकानदार भिंतीला टेकून दम खातोय. त्याला विचारा, पाणी येईल असं वाटलं होतं का? तो म्हणेल, वर धरण झालंय ना आता. गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं. मातीचं प्रचंड धरण, नाशिकच्या वरच्या अंगाला, नदीच्या उरावर. त्याला चारच वर्षं झाली आहेत आणि एवढ्यात शहराच्या मनातला पूर निम्मा आटलाय. आता दुसरा प्रश्न विचारा: पाणी आलं कुठून? तो नदीकडे बोट दाखवेल असं तुम्हाला वाटतं. तो पाठीमागे दाखवतो. गावातून येणारा सरस्वती नाला इथेच गोदावरीला मिळतो. नदी चढली की त्याच्या तोंडाशी पाणी तुंबतं, नाला उलटा फुगतो आणि बाजारात मागच्या दारानं शिरतो. पुढच्या दाराला फळ्या लावून बसलेला माणूस पाठीमागून भिजतो.

तुमच्या खिशात गेरूचा खडा आहे. भिंतीवर पाणी जिथे येऊन थांबेल तिथे रेघ ओढा. शेजारी चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, ठिकाण आणि पाणी कोणत्या अंगानं आलं. पहिल्या तीन गोष्टी लिहिण्याची अक्कल बहुतेकांना असते. चौथी राहून जाते.

आता मागे चला.

१७४७. पंचवटीच्या काठावर नारोशंकर राजेबहाद्दरांचं रामेश्वराचं देऊळ नवं कोरं उभं आहे. तटाच्या कमानीत टांगलेली ती मोठी घंटा तुम्ही जवळून बघा. तिच्यावर १७२१ साल कोरलंय, घडण पोर्तुगीज आहे. वसईच्या विजयानंतर ती मराठ्यांच्या हाती आली आणि वाजतगाजत इथे पोहोचली. पुढच्या पिढ्या तिच्याबद्दल सांगतील की गंगेचं पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर. १९६९ च्या पुराची आठवण सांगणारे म्हातारे याच घंटेपाशी येऊन थांबतात. बांधणाऱ्यांनी ती पुरासाठी टांगली नव्हती, हे उघड आहे. पण नदीकाठच्या माणसाला एक पक्की, न हलणारी, सगळ्यांना दिसणारी खूण हवी असते, आणि ती त्यानं जे समोर होतं त्यातून निवडली. रामकुंड तर याहून जुनं, १६९६ चं. पुढे १७८२ साली माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई त्याची डागडुजी करवतील. नदीच्या पात्रात काही बांधायचं म्हणजे ते पुराच्या तडाख्याखाली बांधायचं, आणि पिढीपिढीला दुरुस्त करायचं, हे त्या काळात गृहीतच होतं.

तुम्ही पंचवटीतून पलीकडे जुन्या गावात या आणि घरं कुठे आहेत ते बघा. वस्ती टेकड्याटेकड्यांवर आहे. वाडे उंच जोत्यांवर आहेत. सरकारवाड्याला चढून जायला दगडी पायऱ्यांची मोठी रांग आहे, आणि पुढे पुराची बातमी सांगताना लोक याच पायऱ्या मोजणार आहेत. उताराच्या तळाशी बाजार आहे, कारण माल उचलता येतो. घरं वर आहेत, कारण म्हातारी माणसं आणि गुरं मध्यरात्री उचलता येत नाहीत. हा नगररचनेचा आराखडा कुणी कागदावर काढला नव्हता. तो पुरांनी काढून दिला होता.

इथे जरा लांबची वाट घेऊ. युरोपात प्रागला चला, चार्ल्स पुलाच्या तोंडाशी. तटाच्या दगडात एका दाढीवाल्या माणसाचं मुंडकं कोरलंय. लोक त्याला 'ब्रादाच' म्हणतात. व्हल्टावा नदीचं पाणी त्याच्या दाढीला लागलं, नाकाला लागलं, टाळूवर गेलं, असा तिथला हिशेब. पंधराव्या शतकापासून माणसं त्या चेहऱ्यावर नदी मोजत आली आहेत. गोदावरीच्या आणि व्हल्टावाच्या काठच्या माणसांची कधी गाठ पडली नाही, तरी दोघांनीही पाणी मोजायला माणसाच्या अंगाचंच माप धरलं. फरक पुढच्या कामात आहे. ब्रादाचच्या दाढीपर्यंतचं पाणी किती उंच, हे तिथल्या अभ्यासकांनी आजच्या मोजपट्टीशी जोडून घेतलं, आणि त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीचा पूर आजच्या पुरासोबत एकाच तक्त्यात बसतो. मारुतीची कंबर समुद्रसपाटीपासून किती मीटरवर, तिथे पाणी असताना होळकर पुलाखालून किती क्युसेक वाहतं, सराफ बाजारात किती फूट साचतं, हा तक्ता दर पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आला पाहिजे.

१९५०-५१ चा हिवाळा. तुम्ही पुन्हा नाशकात, गोदावरीच्या उजव्या काठावर मातीच्या गढीवर आहात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून आलेले ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव टेकाड खणताहेत. चर सरळ खाली गेलाय. त्याच्या भिंतीकडे बघा: वर अलीकडची विटामाती, खाली सातवाहनांच्या काळातल्या वस्तीचे थर, आणि तळाला ताम्रपाषाणयुगीन माणसांची खापरं. हजारो वर्षांच्या घरांची माती एकावर एक रचून ही टेकडी झाली आहे. लोक पुन्हा पुन्हा याच काठावर राहायला आले, आणि प्रत्येक वेळी आधीच्यांच्या ढिगावर, म्हणजे थोडं आणखी उंच राहिले.

ती गढी आजही आहे. जुनी गढी म्हणतात. तिच्या कडेवर घरं आहेत, आणि पावसाळ्यात नदीकडच्या अंगानं तिची माती ढासळते. दर वर्षी तिथल्या कुटुंबांना घरं रिकामी करायच्या नोटिसा जातात, दर वर्षी भिंतींना नव्या भेगा पडतात. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला जो थर वाचायला मिळतो, तो वर राहणाऱ्या बाईला अंगणातून दिसतो, कारण अंगणाचा अर्धा भाग खाली गेलेला असतो. भुसभुशीत, माणसांनीच रचलेल्या मातीचा हा ढीग आहे, खडक नव्हे, हे आपल्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ छापील अहवालातून माहीत आहे. या एका वाक्यात जेवढी हळहळ आहे, तेवढी मला पुराच्या सगळ्या छायाचित्रांत दिसत नाही.

थरांची ही विद्या नदीलाही लागू पडते. पुणे विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या दरीत पुरानं मागे सोडलेला गाळ वाचला. महापुरात पाणी कपारीत, उपनदीच्या तोंडाशी शिरतं, तिथे त्याचा वेग मरतो आणि बारीक गाळ खाली बसतो. पूर ओसरतो, गाळाचा पापुद्रा राहतो. पुढचा मोठा पूर त्यावर दुसरा पापुद्रा चढवतो. पापुद्रे मोजले आणि त्यांचं वय काढलं की मोजपट्टी आणि कारकून जन्मायच्या आधीचे पूर हाती येतात.

आणि लिहून ठेवायचंच झालं तर किती नेमकं लिहिता येतं, ते बघायला इसवी सन १५० च्या सुमाराला गिरनारच्या पायथ्याशी जुनागढला या. क्षत्रप रुद्रदामन इथे एका प्रचंड शिळेवर एक हकीकत कोरवतोय. सुदर्शन नावाचं धरण चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्तानं बांधलं, अशोकाच्या काळी तुषास्फानं त्याला कालवे काढले, मग मार्गशीर्षात भयंकर वादळी पाऊस झाला, सुवर्णसिकता आणि पलाशिनी नद्यांना पूर आला आणि बांधाला ४२० हात लांब, ४२० हात रुंद, ७५ हात खोल भगदाड पडलं. मंत्र्यांनी काम हाताबाहेरचं ठरवलं, सुविशाख नावाच्या अधिकाऱ्यानं ते करून दाखवलं. सुमारे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, भाद्रपदात तेच धरण पुन्हा फुटलं, आणि चक्रपालितानं ते दुरुस्त करून त्याच शिळेवर नोंद केली. महिना, कारण, नद्यांची नावं, नुकसानीचं माप, दुरुस्ती कुणी केली. आपल्याकडे नोंदी ठेवायची रीत नव्हती असं कुणी म्हणालं की मला ही शिळा आठवते.

१८८३. मुंबईच्या सरकारी छापखान्यातून नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर बाहेर पडतंय. साहेबी अंमलदारांनी तालुक्यातालुक्यातून माहिती गोळा केली आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ ताजा आहे, १८७२ च्या सप्टेंबरातला मोठा पूर लोकांच्या तोंडी आहे. तुम्ही पानं उलटत जा. देवळं, घाट, बाजारभाव, दुष्काळाची सालं. महसूल बुडू नये म्हणून ठेवलेल्या या नोंदी आहेत, रयतेच्या कळवळ्यानं नव्हे. तरी त्या उपयोगी पडतात. इंग्लंडमधल्या जॉर्ज अॅडमसन आणि डेव्हिड नॅश या अभ्यासकांनी वर्तमानपत्रं, मिशनऱ्यांची पत्रं, खासगी रोजनिश्या वाचून पश्चिम भारतातल्या १७८१ ते १८६० या काळातल्या पावसाळ्यांचं मान ठरवलं. 'यंदा पाऊस लांबला, धान्य महागलं' असं कुणीतरी घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं, त्याचा दीडशे वर्षांनी हवामानशास्त्राचा आकडा झाला. नाशिकच्या जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत, तीर्थोपाध्यांच्या वंशावळीच्या वह्यांत पावसापाण्याच्या ओळी दबून पडलेल्या असणार, असं मला फार वाटतं. त्या कुणी या नजरेनं उघडून बघाव्यात.

आता झपाट्यानं पुढे. १९ सप्टेंबर २००८. मारुती बुडालाय. घाटावरची देवळं कळसापर्यंत पाण्यात आहेत. लोक पूर बघायला पुलावर जमलेत आणि तुम्हाला एक चमत्कारिक गोष्ट दिसते: कित्येकांच्या चेहऱ्यावर 'असं कधी पाहिलं नव्हतं' हे भाव आहेत. १९६९ ला जेमतेम चाळीस वर्षं होताहेत. मधल्या काळात शहर नदीला चिकटून वाढलंय. उंच जोती गेली, पार्किंगची तळघरं आली.

या पुरानंतर पाटबंधारे खात्यानं नदीच्या दोन्ही काठांवर पूररेषा आखल्या. निळी आणि लाल. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, तिच्या आत बांधकामाला बंदी. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. इथे थोडं गणित करा, कारण या रेषांचा अर्थ घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक. तुम्ही लाल रेषेला लागून फ्लॅट घेतला आणि ३० वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर कर्ज फिटायच्या आत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात २६ आहे. निळ्या रेषेवरच्या दुकानाला तेवढ्याच काळात ती शंभरात ७१ आहे. लोकांना वाटतं, शंभर वर्षांचा पूर २००८ ला येऊन गेला, आता आपल्या नातवांनी बघायचं.

आणि ही रेषा आखतात कशावरून? हाताशी असलेल्या मोजणीवरून. मोजणी पन्नाससाठ वर्षांची असेल तर शंभर वर्षांचा पूर अंदाजानं काढावा लागतो. म्हणूनच १८७२ ची एक ओळ, नारोशंकराची घंटा, सरकारवाड्याची पायरी, गेरूची रेघ हे सगळं मोलाचं आहे. एका पक्क्या जुन्या खुणेनं मोजणीचा काळ दुपटीनं लांबतो. मात्र खूण नुसती उचलून आजच्या नदीला लावता येत नाही. पात्र अरुंद झालं, काठाला भिंती आल्या, कुंडांच्या तळाशी काँक्रीट आलं, तर तेवढंच पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं. शिवाय गंगापूर धरणाची मूळची साठवण सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचून ती ५६०० च्या आसपास आली आहे, म्हणजे वरून आलेला लोंढा पोटात घ्यायची धरणाची जागाही तेवढी कमी झाली. जुनी पातळी, तेव्हाचं पात्र, आताचं पात्र, हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. दिंडोरी रोडवर 'मेरी', महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नाशकातच आहे. हे काम करणारी माणसं शहरात राहतात.

नाशिकला हे जमतं, याचा पुरावाही घ्या. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाचं शाही स्नान. रामकुंडाकडे जाणाऱ्या उतरत्या, अरुंद वाटेवर सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्या गल्लीत मी तुम्हाला नेत नाही. त्यानंतर न्यायमूर्ती रमणी आयोग बसला. उतार कुठे होता, गर्दी कुठून कुठे लोटली, अडथळे कुठे होते, हे सगळं कागदावर आलं. २०१५ च्या सिंहस्थात नवे घाट होते, येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या होत्या, आणि तसला प्रसंग आला नाही. एका दुर्घटनेची नोंद बारा वर्षं कुणीतरी जिवंत ठेवली, म्हणून हे घडलं. पुराच्या बाबतीत तेवढीच चिकाटी मागतो आहे.

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. याच रात्री तिकडे कोकणात महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून जाणार आहे. इकडे नाशकात तुम्ही पुन्हा सराफ बाजारात आहात, १९६९ ला उभे होता त्याच जागी. पाणी गुडघ्याच्या वर आहे, त्यात प्लास्टिकचे डबे, चपला, एक उलटी झालेली हातगाडी. एक तरुण सराफ मोबाइलवर धरणाच्या विसर्गाचा मेसेज वाचतोय: इतक्या वाजता इतके क्युसेक. मेसेज वेळेवर आलाय, आकडा बरोबर आहे. पण या आकड्याला माझ्या दुकानात किती फूट, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या आजोबांना मारुतीची कंबर कळत होती. नातवाला क्युसेक मिळाले आणि त्याचा अर्थ मिळाला नाही.

आणि पुन्हा तेच: पाणी मागून येतंय. आता सरस्वती नाला दिसतही नाही, तो रस्त्याखाली गेला आहे. ज्याला इथे नाला आहे हेच माहीत नाही, तो मागच्या दाराकडे बघणार कशाला? नाशिकची गोदावरी एकट्या गंगापूर धरणावर चढत नाही. धरणाच्या खाली नासर्डी आहे, वाघाडी आहे, सरस्वती आहे, आणि शहरावरच ढग फाटला तर धरणाचे दरवाजे बंद असतानाही घाटावरची देवळं पाण्यात जातात. मारुती नदीचं सांगतो. नाल्यांचा कुणी मारुती नाही. शहर जसजसं डांबरानं आणि फरशांनी झाकलं जातंय तसतसं पुढच्या पुरातलं जास्त पाणी याच मागच्या दारानं येणार आहे, आणि आपल्या नोंदवहीत सगळ्यांत रिकामं पान तेच आहे.

भिंतीवर तुमची १९६९ ची रेघ शोधा. भिंतीला नवी फरशी लागली आहे. रेघ तिच्या मागे आहे.

म्हणून आता २०२७. सिंहस्थाचं वेळापत्रक जाहीर झालंय: नाशकातली अमृत स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला. या तारखा पुराच्या तारखांशेजारी मांडून बघा. २०१६ चा पूर २ ऑगस्टचा. २०१९ चा ४ ऑगस्टचा. १९६९ चा सप्टेंबरातला, २००८ चाही सप्टेंबरातला. गुरू सिंह राशीत आला की पर्वणी बहुधा श्रावण-भाद्रपदाच्या आसपास येते, आणि नदी भरायचे महिनेही तेच. लाखो माणसं पात्रात उतरायला येतील ती अशा दिवसांत.

१ ऑगस्टची मध्यरात्र. तुम्ही नियंत्रण कक्षात आहात. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस वाढल्याचा निरोप आलाय. गंगापूर, काश्यपी, गौतमी, आळंदी, चारही धरणांचे आकडे पडद्यावर आहेत. रामकुंडावरचा पोलीस अधिकारी फोनवर एकच विचारतो: "माझ्याकडे किती वेळ आहे?" हे उत्तर त्या रात्री शोधून सापडत नसतं. ते २००८, २०१६, २०१९ च्या रजिस्टरांत आधीच पडलेलं असतं: अमुक विसर्ग सुटल्यावर होळकर पुलाखाली पाणी कधी वाढायला लागलं, पहिल्या पायरीपासून मारुतीच्या गुडघ्यापर्यंत चढायला किती वेळ लागला, त्या वेळी नासर्डीला किती पाणी होतं. कुणी ते एका पानावर आणून ठेवलं असेल तर अधिकाऱ्याला मिनिटांत आकडा मिळेल आणि घाट शांतपणे रिकामा होईल. नसेल तर घाट भोंग्यानं रिकामा होईल, आणि अरुंद वाटेवर एकदम पळणाऱ्या गर्दीचं काय होतं हे नाशिकला २००३ पासून ठाऊक आहे. तिथे दोन्ही नोंदी, पुराची आणि चेंगराचेंगरीची, एकत्र वाचाव्या लागतात.

वाघाडीच्या आणि नासर्डीच्या पुलांना मोजपट्ट्या रंगवायला फार दिवस लागत नाहीत. विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर, देवळांच्या ओट्यांवर जुन्या पातळ्यांच्या रेघा सालासकट उमटवायला रंगाचे चार डबे आणि ज्यांनी पाणी पाहिलं ती म्हातारी माणसं लागतात. रंग केव्हाही मिळेल. १९६९ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. घाई आहे ती त्याच्याकडे जायची.

शेवटचा मुक्काम नाशिकच्या खाली, निफाड तालुक्यात. नाशकातून निघालेलं पाणी सायखेडा-चांदोरीला येतं, पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यानं अडतं आणि मागे फुगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या गावांनी घरात छातीइतकं पाणी सोसलं. तुम्ही चांदोरीत एका घरासमोर आहात, २ ऑगस्ट २०२७, दुपार. ओट्यावर आजी बसल्या आहेत. घराच्या खांबाला खिळ्यानं कोरलेल्या आडव्या खुणा आहेत, प्रत्येकीजवळ साल. आजी तुम्हाला पाणी विचारत नाहीत, चहा विचारत नाहीत. विचारतात, "दादा, नाशकातनं किती सोडलंय?"

तुम्ही आकडा सांगता.

"आन् दारणेतनं?"

दारणा नदीही वरच्या अंगाला गोदावरीला मिळते. ते तुमच्या ध्यानात नव्हतं. तुम्ही फोन लावता, विचारता, तोही आकडा सांगता. आजी खांबाकडे बघतात, ओठांतल्या ओठांत हिशेब करतात आणि आत हाक मारतात, "सुने, खालच्या फळीवरचं बाजरीचं पोतं वर घे. वरची फळी राहती कोरडी. आन् गायी सोड आत्ताच, सांजच्याला न्हाई जमायचं."